कॅडमस की केक्रॉप्स?

ग्रीक पुराणांत नगर वसवणारे राजे पुष्कळ आहेत, पण थीब्जचा कॅडमस आणि अथेन्सचा केक्रॉप्स ही जोडी समोरासमोर ठेवूनच वाचावी. केक्रॉप्स तिथल्या मातीतूनच जन्मलेला, कमरेखाली साप. ‘आम्ही मूळचे इथलेच’ या अथेनकरांच्या अभिमानाला तो अगदी शोभतो. कॅडमस मात्र परका. फिनिशियाचा (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याचा) हा राजपुत्र देवांचा राजा झ्यूसने पळवलेल्या बहिणीच्या, युरोपाच्या शोधात बाहेर पडला होता. डेल्फीच्या देववाणीने त्याला सांगितलं: बहिणीचा शोध सोड, गाय भेटेल तिच्या मागे जा आणि ती जिथे बसेल तिथे नगर वसव.

पुढचा प्रसंग वाचताना तर अंगावर काटा येतो. पाणी आणायला गेलेल्या सोबत्यांना युद्धदेव आरीसच्या झऱ्यावरच्या महानागाने मारलं. कॅडमसने त्याला ठार केलं आणि देवी अथेनाच्या सांगण्यावरून त्याचे दात जमिनीत पेरले, तर शस्त्रं घेतलेले योद्धेच उगवले! त्यांच्यात दगड भिरकावताच ते एकमेकांवर तुटून पडले आणि शेवटी उरले फक्त ५. थीब्जची खानदानी घराणी स्वतःला त्यांचेच वंशज म्हणवत.

केक्रॉप्सच्या कथेत असा रक्तपात नाही. नगर कोणाचं यावर देवांत चढाओढ लागली तेव्हा समुद्रदेव पोसायडनने खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथेनाने ऑलिव्हचं झाड लावलं आणि नगर तिचं झालं. पशुबळीऐवजी पिठाच्या पोळ्या वाहण्याची रीतही केक्रॉप्सनेच घातली म्हणतात.

तरी मला कॅडमसच जवळचा वाटतो. महानागाला मारल्याची भरपाई म्हणून त्याने आरीसची ८ वर्षं चाकरी केली. शिवाय प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ग्रीकांना अक्षरं मिळाली ती त्याच्याबरोबर आलेल्या फिनिशियनांकडूनच.