सर्वो गिअर एचपी ९० आणि गिअर सुपर ८०डब्ल्यू-९० ही दोन गिअर ऑइलं : ताडोबाच्या जिप्सीत एक सीझन चालवल्यावर

माझी गाडी जिप्सी किंग, ताडोबात सफारीला चालते, मोहर्ली गेट. ऑक्टोबर ते जून रोजचे दोन राउंड, एक पहाटेचा एक दुपारचा, मंगळवारी पार्क बंद म्हणून गाडीला पण सुट्टी. जंगलात वीसच्या वर स्पीड नाही म्हणजे अख्खा दिवस पहिला दुसरा तिसरा, थांबा, रिव्हर्स, परत पहिला. हायवेवर नागपूरला जाऊन येईपर्यंत जेवढे गिअर पडत नाहीत तेवढे इथं एका राउंडला पडतात. त्यामुळे इंजिन ऑइलपेक्षा गिअर ऑइलचा अनुभव मला जास्त आहे आणि तोच सविस्तर लिहितो, कारण आमच्याच लाइनीतल्या चार-पाच गाड्यांत मी पाहिलं की लोकं गिअर ऑइल लागतं त्या चारही जागी एकच "नव्वद नंबर" ओतून मोकळे होतात.

आधी काय झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी सीझन सुरू व्हायच्या आधी एका गॅरेजला गाडी दिली, नाव लिहीत नाही, माणूस कामाला चांगला आहे. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचं हौसिंग, मागचं हौसिंग (अ‍ॅक्सलवरचे डिफरन्शिअलचे डबे), सगळ्यात त्याने कोपऱ्यातल्या एकाच ड्रमातून ऑइल भरलं. मी विचारलं कोणतं आहे, तर म्हणे, "भाऊ, नव्वद नंबर म्हनजे नव्वद नंबर, त्याच्यात काय पाहाचं." मी पण तेव्हा मान हलवली. नोव्हेंबरपर्यंत काही वाटलं नाही. डिसेंबर लागला, पहाटे साडेपाचला गेटवर लाइन लावायची, अंगावर दोन स्वेटर, आणि गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली की "कर्रर्र". गिअर खाली टाकताना तर जास्तच. मागच्या सीटवरचे पाहुणे दचकायचे आणि जंगलात तो आवाज किती लांब जातो ते तिथं बसलेल्यालाच माहीत, बाजूला चितळांचा कळप असला तर मान वर करून पाहायचे सगळे. क्लच झाला असेल म्हणून क्लच अ‍ॅडजस्ट केला, फरक नाही. एक मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्समधल्या रिंगा गेल्या, गिअरबॉक्स उतरवा. उतरवायच्या आधी एकदा ऑइल बदलून पाहू म्हटलं, आणि तिथून हे सगळं वाचायला-विचारायला लागलो.

तर मुद्दा असा आहे. डब्यावर "९०" लिहिलेलं असतं तो फक्त जाडपणा. ऑइल कशासाठी बनवलंय ते त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं, एपीआय जीएल-४ किंवा एपीआय जीएल-५. दोन्ही नव्वद नंबर असू शकतात आणि दोन्ही वेगळी ऑइलं आहेत.

डिफरन्शिअलमधे, म्हणजे हौसिंगच्या आत, ताकद चाकांकडे वळवणारे जे क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर असतात ना, ते आपल्या मागच्या चाकाला ताकद देणाऱ्या गाड्यांत हायपॉइड पद्धतीचे असतात. म्हणजे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याच्या बरोबर समोर नसतो, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात पण. एवढ्या दाबाखाली ऑइलचा थर टिकत नाही, तो फुटतो, म्हणून जीएल-५ मधे गंधक-फॉस्फरसची औषधं भरपूर घातलेली असतात, ती गरम झालेल्या लोखंडाशी क्रिया करून दातावर एक पातळ थर धरतात आणि लोखंडाच्या ऐवजी तो थर झिजतो. जीएल-५ च्या डब्याचं झाकण काढलं की जो उग्र वास येतो तो त्याचाच.

गिअरबॉक्सची गोष्ट उलटी. तिथं सिंक्रोच्या पितळी रिंगा असतात आणि त्यांचं काम घर्षणानेच चालतं, रिंग त्या कोनावर घट्ट धरली पाहिजे तरच दोन गिअरचा वेग जुळतो आणि गिअर आवाज न करता बसतो. तिथं डिफरन्शिअलचं ऑइल टाकलं तर रिंग घसरते, वेग जुळायच्या आधीच दात दाताला भिडतात, तोच तो कर्रर्र. शिवाय काही जीएल-५ मधलं गंधक पितळाला वर्षानुवर्षं खातं. जीएल-४ मधे ही औषधं पुष्कळ कमी असतात म्हणून रिंगांना ते चालतं. पण मग तेच जीएल-४ मागच्या हौसिंगमधे टाकलं तर क्राऊन-पिनियन मरतात. म्हणजे एकच ऑइल चारही जागी हा हिशोबच चुकीचा, मग डबा कितीही महागाचा असो.

म्हणून मी दोन वेगळे घेतले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केससाठी सर्वो गिअर एचपी ९०, ते जीएल-४ आहे. पुढच्या-मागच्या हौसिंगसाठी सर्वो गिअर सुपर ८०डब्ल्यू-९०, ते जीएल-५. दोन्ही इंडियन ऑइलचे, साधे मिनरल, लुब्रिकंटच्या दुकानात सीलबंद मिळाले. जिप्सीला लागतं किती तर गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर ०.८, पुढचं हौसिंग २ लिटर, मागचं दीड. म्हणजे तीन लिटरच्या आत जीएल-४ आणि चार लिटरला थोडं कमी जीएल-५. एका सफारीला गाडीचं जे भाडं मिळतं त्याच्याच आतबाहेर सगळा खर्च, हाताने बदललं तर मजुरी पण नाही.

बदललं एका मंगळवारी, मी आणि माझा पुतण्या. गाडी आधी दहा किलोमीटर फिरवून आणली कारण थंड ऑइल काकवीसारखं निघतं आणि खालचा गाळ तसाच राहतो. आणि हे लक्षात ठेवा, आधी भरायचा वरचा प्लग खोलायचा, मग खालचा. खालचा आधी खोलला, ऑइल सांडून गेलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथंच उभी, नवीन ऑइल भरणार कुठून. आमच्या पुढच्या हौसिंगचा प्लग असाच बसलेला होता, रात्री त्याच्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला आणि सकाळी पान्याला पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा कुठं हलला. प्लगच्या आकाराचा खराखुरा पाना वापरा, छिन्नी-हातोडा अजिबात नको, कडा गोल झाल्या की मग वेल्डिंगवाल्याकडेच जावं लागतं.

गिअरबॉक्सचं निघालं ते काळपट पण ठीक होतं. चुंबकवाल्या ड्रेन प्लगवर राखाडी लोण्यासारखा मऊ लेप, बोटाने चोळला तर गुळगुळीत. तो चालतो, ती रोजची झीज. बोटाला टोचेल असा तुकडा लागला असता तर काळजी होती. पण तो लेप पुसून झाल्यावर मी ताटातलं ऑइल उन्हात धरून हलवलं तर त्यात पिवळी चमक होती, अगदी बारीक, लग्नात टिकलीचा चुरा उडतो तशी. पितळ चुंबकाला चिकटत नाही ना, म्हणून ती ऑइलमधेच तरंगत होती. आमच्या रिंगांचं पितळ ते. तेव्हा खरंच वाईट वाटलं मला.

पुढचं हौसिंग खोललं तर त्याच्यातून दुधाच्या चहासारखं निघालं. पाणी गेलेलं. पावसाळ्यात बफरमधल्या (मुख्य जंगलाच्या भोवतीच्या पट्ट्यातल्या) राउंडला नाले ओलांडतो आम्ही, गरम झालेलं हौसिंग एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हौसिंगला हवा खेळायला ठेवलेलं बारीक तोंड) पाणी आत ओढून घेते. ब्रीदर पाहिला तर मातीने पूर्ण बुजलेला. ब्रीदर बुजला की दुसरा त्रास पण होतो, उन्हाळ्यात आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, मग ती सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि आपण म्हणतो सील खराब निघाली. दहा मिनिटांचं काम आहे, ऑइल बदलताना ब्रीदर काढून पेट्रोलने धुऊन लावाच. ते दूध निघून गेल्यावर मी थोडं स्वस्तातलं जीएल-५ भरून पाच किलोमीटर फिरवून ते पण काढून टाकलं आणि मग सुपर भरलं.

भरायला डबा तिरपा करून काही होत नाही, जागाच नाही तिथं, हाताचा पंप किंवा मोठी सिरिंज आणि नळी लागते. गाडी सपाट जमिनीवर, ऑइल वरच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत आलं आणि धार लागली की बस. "थोडं जास्त असू दे" हे करू नका राजेहो, मागच्या हौसिंगमधे जास्त भरलेलं ऑइल अ‍ॅक्सलच्या सीलमधून चाकात उतरतं आणि ब्रेक शू भिजवतं, आमच्या लाइनीतल्या एका गाडीचा मागचा ब्रेक असाच गेला होता आणि सहा माणसं बसली होती आत. प्लगच्या आट्या पुसून, सीलंट लावून बसवले.

आता निकाल. गिअर एचपी ९० भरल्यावर पहिल्या दिवशी फार फरक वाटला नाही, जुनं थोडं आत राहतंच. तीन-चार दिवसांनी तिसरा गिअर आवाज न करता पडायला लागला. रिव्हर्सवरून पहिला टाकताना जी धडधड व्हायची ती गेली. दुसऱ्या गिअरला अजून कधीतरी, घाईत खाली टाकला तर, हलका अडकल्यासारखा होतो, ती रिंग जेवढी झिजली तेवढी झिजली, ऑइलने ती परत येणार नाही. पण गिअरबॉक्स उतरवायचा खर्च वाचला आणि पूर्ण सीझन गाडी एक दिवस पण बंद राहिली नाही.

एक गोष्ट सांगायला पाहिजे, एचपी ९० हा सिंगल ग्रेड आहे, म्हणजे जाडीचा एकच आकडा. थंडीच्या पहाटे पहिला एक किलोमीटर लिव्हर जड लागतो, कर्रर्र होत नाही पण जड लागतो, मग मोकळा होतो. ८०डब्ल्यू किंवा ७५डब्ल्यू लिहिलेल्या मल्टीग्रेडमधे तो डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो, जेवढा कमी तेवढं थंडीत पातळ. चंद्रपूरला थंडी दोन महिने आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, म्हणून मला सिंगल ग्रेड परवडतो. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक जीएल-४ घ्यावं.

गिअर सुपरबद्दल लिहायला कमी आहे कारण ते गुपचूप काम करतं. एप्रिल-मेच्या दुपारच्या राउंडनंतर हौसिंगला हात लावून पाहायचो, चटका बसायचा नाही, फक्त गरम. सीझन संपल्यावर परत काढलं तर रंग थोडा गडद, पाणी नाही, चुंबकावर नखाएवढा लेप. मागचं हौसिंग आधी साठच्या वर स्पीड गेली की घूं करायचं, ते थोडं कमी झालं पण गेलं नाही, क्राऊन-पिनियनचं अंतर आता वाढलेलंच आहे. काही लोकं हा आवाज दाबायला १४० नंबर भरतात. आवाज दबतो खरा, पण झीज तिथंच असते आणि गाडी जड ओढते. गाडी विकताना कोणी हे केलं असेल तर घेणाऱ्याने एकदा प्लग खोलून बोट घालून पाहावं.

खूप जण विचारतात की नव्वद नंबर इंजिन ऑइलच्या चाळीस नंबरपेक्षा दुप्पट जाड का. नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे, गिअरचं ९० हे जाडीला इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच येतं.

आणि स्विफ्ट, वॅगनआर अशा पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या गाड्या असतील तर त्यांचं डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं आणि त्याचे दात हायपॉइड नसतात, तिथं जीएल-५ ची गरजच नाही. मॅन्युअलमधे जो ग्रेड लिहिलाय तोच टाका, बऱ्याचदा तो नव्वदपेक्षा पातळ असतो, मेकॅनिक जाड टाकून देतो आणि मग थंडीत गिअर पडत नाही म्हणून तक्रार.

जुनं ऑइल आमच्याकडे लोकं उधळी (वाळवी) लागू नये म्हणून लाकडाला लावतात किंवा नालीत ओततात. मी डबा भरून चंद्रपूरला जुनं ऑइल घेणाऱ्याकडे नेऊन देतो, आमच्या नालीचं पाणी शेवटी इरई नदीलाच जातं.

दोन्ही ऑइलं यावर्षी पण तीच घेतली आहेत. जुलैला कोर (आतलं मुख्य जंगल) बंद झाला की पहिल्याच आठवड्यात चारही प्लग खोलणार, आणि गिअरबॉक्सचं ऑइल परत उन्हात धरून पाहणार, मागच्या वेळेस ती पिवळी चमक अर्ध्याहून कमी झाली होती.