उपचार चोख, पण दुखण्याची विचारपूस उशिरा: सांगलीतील एका बालरुग्णालयाची रात्रसेवा

सांगली-मिरज रस्त्याच्या परिसरातील एका खासगी बालरुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी सूनबाई सहा वर्षांच्या नातीला घेऊन एक संपूर्ण रात्र होतो. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल लिहायचे आहे ती त्या एकाच इमारतीत असेल असे मला वाटत नाही.

संध्याकाळपासून मुलीला पाच उलट्या आणि नऊ जुलाब झाले होते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, बाहेर पावसाची झड, त्यामुळे रिक्षा मिळून दारात पोहोचेपर्यंत रात्रीचा सव्वा वाजला. सिस्टरने लगेच वजन घेतले, ते १८ किलो भरले, आणि केसपेपरचे पैसे भरले जाण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलावले, हे मुद्दाम नोंदवतो. डॉक्टरांनी शेवटची लघवी केव्हा झाली ते विचारले, डोळे आणि जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश जागेवर गेली. अंगातले पाणी कमी झाले आहे, पण हाताबाहेर गेलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सूनबाईंचा आग्रह सलाईनचा होता. आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय दवाखान्यात गेल्याचे समाधान कोणालाच होत नाही, आणि मीही त्याला अपवाद नाही. डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावले की मूल शुद्धीवर आहे आणि पिऊ शकते, तोवर तोंडाने दिलेले ओआरएस तेवढेच काम करते. त्यांनी उलट्या थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनची ४ मिलिग्रॅमची जिभेवर विरघळणारी एकच गोळी दिली आणि वीस मिनिटांनी ओआरएस सुरू करायला सांगितले. किलोमागे ७५ मिलिलिटर याप्रमाणे चार तासांत १,३५० मिलिलिटर, असा हिशेब सिस्टरने केसपेपरच्या मागे मांडून दाखवला आणि मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा कसा द्यायचा तेही स्वतः करून दाखवले. मध्ये एकदा उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू केले. पहाटे साडेपाचला मुलीला लघवी झाली आणि सुई न टोचता काम भागले. या भागाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

येताना सूनबाईंनी औषधाच्या दुकानातून फळाच्या चवीचे एक गोड पेय आणून तिला थोडे पाजले होते. सिस्टरने तो डबा बाजूला ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लिटरात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. साखर त्याहून पुष्कळ जास्त असली की ती आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे जुलाब वाढतात आणि पोटातल्या कळाही वाढतात, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. इतक्या रात्री इतक्या निगुतीने समजावणारे माणूस भेटणे ही लहान गोष्ट नव्हे.

एवढे सगळे चालू असताना पोर गुडघे पोटाशी घेऊन, माझे बोट घट्ट धरून पडली होती. दर पाच-सात मिनिटांनी कळ यायची, तिचे अंग ताठ व्हायचे, ओठ पांढरे पडायचे, आणि कळ ओसरली की ती दमून डोळे मिटायची. ती मोठ्याने रडत नव्हती, आणि माझ्या मते तेच तिला भोवले. उलट्या मोजल्या गेल्या, जुलाब मोजले गेले, पोटात गेलेला प्रत्येक चमचा मोजला गेला, पण किती दुखते आहे हे जवळजवळ दोन तास कोणी तिला विचारले नाही. मी दोनदा सांगून पाहिले, तेव्हा दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, "पोट बिघडलंय म्हटल्यावर दुखणारच ना, काका."

दुखणार हे मलाही ठाऊक होते. गॅस्ट्रोमध्ये आतड्याच्या अस्तराला सूज येते, आतडी जोराने आणि वेडीवाकडी आवळतात, आणि त्यातूनच या कळा उठतात. परंतु दुखण्याचे कारण समजले म्हणून ते दुखणे कमी होत नाही. हाड मोडलेल्या मुलाला कारण ठाऊक असूनही वेदनाशामक देतातच.

विशेष म्हणजे वजनकाट्याच्या मागच्या भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता लावलेला होता. पहिला चेहरा शांत, शेवटचा वेदनेने पिळवटलेला, खाली ० ते १० असे दोन-दोनने वाढणारे आकडे. मुलाने स्वतः बोट ठेवून आपले दुखणे सांगावे यासाठीच हा तक्ता असतो. बोलता न येणाऱ्या लहानग्यांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे यांवरून गुण देण्याची वेगळी पद्धत आहे. तक्ता होता, वापर नव्हता. तीनच्या सुमारास मी डॉक्टरांना तो दाखवला. त्यांनी मनाला लावून घेतले नाही, उलट लगेच उठले, मुलीला उचलून तक्त्यापाशी नेले आणि तिला विचारले. तिने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवले, म्हणजे ८.

त्यानंतरचे त्यांचे वागणे मला फार आवडले. त्यांनी पोट पुन्हा नीट तपासले, उजव्या बाजूला खाली दाबल्यावर किंवा दाब सोडल्यावर जास्त दुखते का ते पाहिले, तिला एका पायावर उडी मारायला सांगितले, आणि अपेंडिक्सची शंका नाही याची खात्री करून किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पॅरासिटामॉलचे पातळ औषध दिले. आयब्युप्रोफेन का नको, हेही सांगितले: अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांना त्रासदायक ठरू शकते. आधी का दिले नाही, असे मी विचारल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिले. वेदनाशामक दिले तर पोटातला गंभीर आजार झाकला जाईल, ही शिकवण अनेक वर्षे चालत आली आहे आणि हात तिथे अजून अडखळतो, असे ते म्हणाले. वास्तविक दुखणे कमी केल्याने निदान चुकत नाही, असे अभ्यासांत दिसून आलेले आहे, आणि दुखणे उतरलेले मूल पोट तपासू देते हे तर त्या रात्री मी डोळ्यांनीच पाहिले. चाळीस मिनिटांनी तिचे बोट तिसऱ्या चेहऱ्यावर आले. त्यानंतर चमचा तिने स्वतः हातात घेतला, आणि उरलेल्या ओआरएसपैकी बरेचसे त्या शेवटच्या तासाभरात संपले. दुखणे आधी उतरले असते तर पाणीही आधी गेले असते, हा माझा तर्क आहे.

शेजारच्या खाटेवरील दोन वर्षांच्या मुलाला सलाईन आवश्यकच होते, पण शीर सापडेपर्यंत तीनदा टोचावे लागले. कातडी बधिर करणारे मलम काम करायला साधारण तासभर घेते, त्यामुळे घाईच्या वेळी ते शक्य नसते हे मान्य आहे. तरी त्याला आईच्या मांडीवर बसवून टोचता आले असते. चौघांनी खाटेवर दाबून धरले होते.

बाकीचे थोडक्यात. खाटा स्वच्छ, बिल १,८५० रुपये, पावती मागावी लागली नाही. स्वच्छतागृहात मात्र साबण नव्हता, फक्त सॅनिटायझर होते; जुलाबाच्या काही विषाणूंवर ते पुरेसे परिणामकारक नसते, त्यामुळे अशा विभागात साबण नसणे मला खटकले. घरी सोडताना १४ दिवसांसाठी रोज २० मिलिग्रॅम झिंक, आणि शौचात रक्त, हिरवी उलटी, गुंगी किंवा बराच वेळ लघवी नसणे दिसल्यास परत यावे, असे मराठीत छापलेले पत्रक मिळाले. दुखणे एका जागी स्थिरावले तर काय करावे, हे त्यात नव्हते. डॉक्टरांनी ते पेनाने खाली लिहून दिले.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. रात्री मूल आजारी पडले तर मी पुन्हा तिथेच जाईन, फक्त तक्त्याकडे आधी बोट दाखवीन. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयातून चौकशीचा फोन आला. जुलाब किती वेळा, लघवी किती वेळा, ताप आहे का, एवढे विचारून झाल्यावर मी आपणहून सांगितले की ती आता पहिल्या चेहऱ्यावर आहे. "कसला चेहरा, काका?" असे पलीकडून विचारले गेले.