राइडिंग मॉवर, एका हंगामानंतर: डेकच्या सांध्याला ग्रीस निप्पल का दिलं नाही?

इंजिन, बेल्ट, सीट यांबद्दल तक्रार नाही. बसून चालवायच्या या गवत कापायच्या मशीनच्या ५२ इंचाच्या डेकवर (पात्यांवरचं पत्र्याचं घर) शाळेचं मैदान आणि दोन सोसायट्यांची हिरवळ आरामात निघते. पण डेक वर-खाली करणारी यंत्रणा बनवताना आपल्या काळ्या मातीच्या धुळीचा विचार कुणीच केलेला नाही.

सुरुवातीला पेडलवर मी बेहद्द खूश होतो. स्प्रिंगच्या आधाराने एवढा जड डेक एका पायाने उचलायचा, पिन हव्या त्या भोकात घालायची, उंची पक्की. उन्हाळ्यात पेडल जड झालं. सप्टेंबरात, सोलापूरचा खरा पाऊस पडतो तेव्हा, गवत वाढलं आणि मैदानावर पट्टे उमटले. डावीकडे खरडलेलं, उजवीकडे उभं.

सर्व्हिसवाल्याने डेकखाली न बघताच स्प्रिंग गेली म्हणून सांगितलं, नवी बसवली, वर अख्खी लिफ्ट असेंब्ली बदलायचं कोटेशन दिलं. पेडल थोडं हलकं झालं, पट्टे तसेच. स्प्रिंगचं काम वजन उचलायला मदत करण्याचं. डेक कोणत्या उंचीवर थांबणार हे पिन, साखळ्या आणि सांधे ठरवतात. मग मला स्प्रिंग विकली कशासाठी?

शेवटी आम्हीच उघडलं. चावी आणि प्लगची वायर काढली, डेक लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. स्प्रिंगवर ताण असताना सांधा अजिबात सोडू नका, बोटं जातील. बाहेरच्या सगळ्या सांध्यांना निप्पल (ग्रीस भरायची तोटी) आहेत, आतल्या आडव्या दांड्याच्या डाव्या बुशला (पिन ज्यात फिरते ती नळी) नाही! कंपनीतून आलेल्या ग्रीसमध्ये धूळ कालवून तिथे घासकामाची पेस्ट तयार झाली होती. बुश लंबगोल, पिनवर चरे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांनी बघताक्षणी सांगितलं, “मालक, ह्याला ग्रीस जायला वाटच नाही की ओ.” त्यांनी गनमेटलचा बुश केला, बाहेरून भोक पाडून आटे मारले आणि निप्पल बसवलं. नव्या पिनसकट सगळं त्या कोटेशनच्या दहाव्या हिश्शात बसलं.

जोडल्यावर लेव्हल करायलाच हवी. आधी चारही टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे, नाहीतर मापाला अर्थ नाही. मग पातं आडवं धरून डावी-उजवी टोकं सारखी, आणि उभं धरून पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली. मागची बाजू खाली राहिली तर कापलेल्यावरच पातं पुन्हा फिरतं आणि इंजिनवर उगाच लोड येतो.

आता पेडल पहिल्यासारखं चालतं आणि कापणी एकसारखी येते, त्यामुळे मशीनवरचा राग बराच उतरलाय. आम्ही डेक कोरड्या ब्रशने साफ करतो, प्रेशरचं पाणी सांध्यांवर मारत नाही, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारतो. सर्व्हिसवाल्यावरचा राग मात्र कायम आहे. स्प्रिंगचे पैसे परत मागितलेत, उत्तर आलेलं नाही. तुम्ही असं मशीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी डेकखाली टॉर्च मारून प्रत्येक सांध्याचं निप्पल बघा. जिथे नसेल तिथे ते विक्रेत्याकडूनच बसवून घ्या.