मूनलाइट, एंजल, फॉरएव्हर नाइट: तीन व्हॅम्पायर डिटेक्टिव्ह आणि माझं मत

व्हॅम्पायर डिटेक्टिव्ह हा प्रकार ज्यांनी कधी बघितलाच नाहीये त्यांना सरळ सांगते, सुरुवात मूनलाइटपासून करा, पण तिथेच थांबू नका. गोव्यात चार महिने पाऊस कोसळत असतो, रात्री बाहेर पडायची सोय नसते, अशा वेळी सलग बघायला ही सिरीयल एकदम फिट. एकच सीझन, १६ भाग, २००७-०८ ची. हॉलिवूडच्या लेखकांचा संप मध्येच आला, तोपर्यंत १२ भाग झालेले, नंतर चारच आणखी निघाले आणि चॅनेलने बंद करून टाकली. मला याचं अजून वाईट वाटतं कारण शेवटी शेवटी ती खरंच सुधारत होती.

मिक सेंट जॉन, लॉस एंजेलिसचा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. लग्नाच्या रात्रीच बायकोने, कोरलाइनने, त्याला व्हॅम्पायर केलं. ॲलेक्स ओ'लाफलिन दिसतो छान आणि काम मनापासून करतो. नियम बऱ्यापैकी सोपे करून टाकलेत, लसणाने काही होत नाही, छातीत खुंटी मारली तर फक्त लुळा पडतो, मारायचं तर आग किंवा मुंडकं उडवणं. झोपतो फ्रीजरमध्ये. उन्हात जाळबीळ होत नाही, हळूहळू आजारी पडतो. आणि इथेच माझी तक्रार आहे बघा, की दिवसाढवळ्या गॉगल लावून माणूस आरामात फिरतो, मग हा व्हॅम्पायर असल्याने त्याचं अडतं कुठे?

वाळपयची आमची मावशी दोन भाग माझ्याबरोबर बसली होती. तिने लगेच विचारलं, "हा आपल्या देवचारासारखा रात्री राखण करतो, मग ह्याला मिळतं काय गो?" देवचाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या त्या अदृश्य राखणदाराला, निदान गाव वहाणा देतो, रोट (नैवेद्याची जाड भाकरी) देतो. मला हा प्रश्न फार आवडला, आणि तिन्ही सिरीयली मी आता त्याच प्रश्नाने तोलते, राखण करणाऱ्याला ती राखण किती महाग पडते.

फॉरएव्हर नाइट (१९९२ ते ९६, टोरोंटो) मध्ये ती सगळ्यात महाग पडते. निक नाइट आठशे वर्षांचा, पोलीस खात्यात खुनांचा तपास करणारा, उन्हाची ॲलर्जी आहे सांगून कायम नाइट ड्युटी. माणसाचं रक्त सोडलंय, फ्रीजमध्ये गाईच्या रक्ताच्या बाटल्या, आणि शवविच्छेदन करणारी डॉक्टर नॅटली त्याला परत माणूस करायच्या मागे लागलेली, कसकसले शेक बनवून पाजते आणि तो बिचारा नाक मुरडत पितो. जुनी मोठी कॅडिलॅक ठेवलीय कारण तिची डिकी प्रचंड, उजाडलं तर आत लपता येतं. असले तपशील मला जाम आवडतात, यातून कळतं की ह्या माणसाला रोजचा दिवस काढणंच कठीण आहे. आणि त्याला व्हॅम्पायर करणारा लाक्रॉइ रात्री रेडिओवर बोलत असतो, नायजेल बेनेटचा तो आवाज ऐकाच. सेट स्वस्तातले आहेत, मारामाऱ्या जुनाट वाटतात, पण तपास मात्र खरा तपास असतो. मिक नुसतं जागेवर जाऊन वास घेतो आणि त्याला काय घडलं ते दिसायला लागतं, मग डिटेक्टिव्हने डोकं चालवायचं कधी?

एंजल (१९९९ ते २००४, पाच सीझन) सगळ्यात मोठी आणि लिहिण्यात सगळ्यात तगडी. तिथे पापाची फेड आहे, एंजल नावाच्या त्या व्हॅम्पायरला आत्मा परत मिळालाय म्हणून आधी केलेलं सगळं आठवतं. पण पुढे पुढे ती डिटेक्टिव्ह सिरीयल राहत नाही, राक्षस, भविष्यवाण्या, वकिलांची ती भयंकर कंपनी, हे सगळं वाढत जातं. मला चालतं, काहींना नाही चालणार.

आता मूनलाइटची बाजू घेते, कारण एका बाबतीत ती दोघांच्या तोडीची आहे. चौथ्या भागात मिक वाळवंटात उन्हात अडकतो, मोटेलच्या बाथटबमध्ये बर्फ घालून पडलेला, जवळजवळ मरायला टेकलेला, आणि बेथ, म्हणजे ह्या सिरीयलची नायिका, त्याला रक्त प्यायला स्वतःहून हात पुढे करते. संगीत, संवाद काही फार नाही, नुसते दोघांचे चेहरे. इथे पहिल्यांदा ऊन म्हणजे काय ते त्या सिरीयलला कळलंय असं वाटतं. आणि पुढे बेथचा बॉयफ्रेंड जॉश मरायला लागतो तेव्हा ती गयावया करते, ह्याला व्हॅम्पायर कर, आणि मिक नाही म्हणतो. हा नकार मला अख्ख्या प्रेमकथेपेक्षा मोठा वाटतो. नंतर तो स्वतः काही दिवस माणूस होतो, बीचवर उन्हात बसतो, पोटभर खातो, आणि बेथला वाचवायला परत व्हॅम्पायर होतो. एंजलही एक दिवस माणूस होऊन त्याच्या प्रेयसीसाठी, बफीसाठी, ते सोडून देतो, पण तिथे दुसऱ्या कुणाला तो दिवस आठवतच नाही, एकट्याने सगळं पोटात ठेवायचं. त्यामुळे तो भाग जास्त लागतो, मी अजून तो बघताना रडते.

ब्लड टाइज पण आहे, २००७ चीच, तिथे डिटेक्टिव्ह माणूस आहे, विकी, नजर हळूहळू जातेय म्हणून पोलिसातली नोकरी सोडलेली, आणि व्हॅम्पायर तिचा साथीदार. विकीसाठी बघा.

प्रेमकथा हवी तर मूनलाइट, तपास हवा तर फॉरएव्हर नाइट, आणि वेळ भरपूर असेल तर एंजल, पण पहिल्या सीझनचा आठवा भाग, तो एक दिवस माणूस होण्याचा, येईपर्यंत तरी सोडू नका.