एसयू एचएस४ जोडीचं रिबिल्ड किट: काय मिळतं आणि काय राहून जातं

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरच्या घरी उभी करत असाल, तर तिच्या दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटरचं (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे भाग) हे किट जरूर घ्या. फक्त ऑर्डर देण्याआधी कार्ब्युरेटरची बॉडी तपासा. स्पिंडल (थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, दांडी) ज्या भोकांत फिरतो ती झिजली असतील, तर नवं किट घालूनही गाडी स्लोवर लटपटतच राहणार आणि दोष विनाकारण किटच्या माथी बसणार.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन स्लोवर ठेवा आणि स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला की तिथून हवा आत जातेय. एचएस४ चा स्पिंडल ५/१६ इंचाचा. नवा स्पिंडल घालूनही बोटाला प्ले (ढिलेपणा) लागत असेल तर भोक रीम करून (कापून नेमक्या मापाचं करून) बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवावा लागतो, नाहीतर १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त जाडीचा ओव्हरसाइज स्पिंडल घालावा लागतो. बुश बहुतेक किटमध्ये नसतात. मुंबईत लेथवाले भरपूर आहेत, पण दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करणारा शोधा. दोन वेगळ्या सेटिंगवर रीम केली की थ्रॉटल अडकते.

एसयूचं नाव आणि उत्पादन आज इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या बर्लन कंपनीकडे आहे. मागवताना यादी नीट वाचा. साध्या सर्व्हिस किटमध्ये मुख्यतः पॅकिंग, फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या कप्प्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, येणारं पेट्रोल रोखणारी झडप) आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक तोंड) येतात. रिबिल्ड किटमध्ये त्यांच्या जोडीला स्पिंडल, थ्रॉटल डिस्क आणि स्क्रूही असतात. किटची किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून आकडा चांगलाच फुगतो, त्यामुळे हीट शील्डचे पॅकिंग आणि इन्सुलेटर ब्लॉकही त्याच पार्सलमध्ये मागवा. कारण एमजीबीला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या जॅममध्ये एक्झॉस्टची धग सरळ फ्लोट चेंबरला लागते आणि पेट्रोल आतल्या आत उकळतं.

किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाचा नीडल व्हॉल्व्ह. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर इथेनॉलमध्ये टिकत नाही. ते फुगतं, मग भुसभुशीत होतं आणि त्याचे कण जेटमध्ये जातात. म्हणून किट नवं आणि पाइप जुना असं अजिबात करू नका. ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टवाल्यांकडे पाइप मीटरवर मिळतो, पण त्यावर एसएई जे३० आर९ (पेट्रोल पाइपच्या दर्जाची खूण) छापलेलं आहे का ते स्वतः वाचून घ्या. नुसत्या 'पेट्रोल पाइप आहे' या शब्दावर जाऊ नका.

फिटिंगमध्ये सगळ्यात जास्त बिघडतो तो जेट. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचे जेट वेगळे असतात. जेटची नायलॉनची नळी फ्लोट चेंबरमध्ये घालताना रबरी ग्लँडच्या (गळती रोखणाऱ्या रबराच्या) पुढे किमान ३/१६ इंच, म्हणजे साधारण ५ मिमी, बाहेर राहिली पाहिजे. कमी राहिली तर नट कितीही आवळा, पेट्रोल ठिबकणारच. फ्लोटचं झाकण उलटं धरून लिव्हर आणि झाकणाची कड यांतलं अंतर १/८ ते ३/१६ इंच ठेवा.

थ्रॉटल डिस्कचे दोन स्क्रू आधी ढिलेच ठेवा. थ्रॉटल दोन-चार वेळा खटकन बंद करा, डिस्क आपोआप मध्यावर बसते, मग आवळा. स्क्रूची चिरलेली टोकं फाकवायला विसरू नका. तेवढं एक काम राहिलं तर तो स्क्रू एक दिवस थेट सिलिंडरमध्ये जातो.

कार्ब्युरेटरचा पिस्टन आणि त्याचा डॅशपॉट (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते झाकण) ही कारखान्यातून जुळवून आलेली जोडी असते. पुढचा मागे लावू नका आणि आतून पॉलिश पेपर तर मुळीच नको, नुसत्या पेट्रोलने पुसा. पिस्टनच्या खालची भोकं प्लॅस्टिसीनने बुजवून, डॅम्परसकट (डॅशपॉटमध्ये वरून बसणाऱ्या दांडीसकट) जोडी उलटी धरा. डॅशपॉट ५ ते ७ सेकंदांत खाली आला पाहिजे.

पिस्टनखालची नीडल (जेटमध्ये शिरणारी सुई) फिक्स्ड असेल तर तिची खांद्याची कड पिस्टनच्या तळाशी सपाट बसवा आणि जेट सेंटर करा. जेटचा लॉकनट ढिला करा, जेट पूर्ण वर ठेवा, पिस्टन पेन्सिलीने खाली दाबून धरा आणि नट आवळा. पिस्टन सोडला की 'टक्' आवाज यायला हवा. मग जेट पूर्ण खाली करून पुन्हा ऐका. जेट खाली असतानाच आवाज जास्त खणखणीत येत असेल तर जेट मध्यावर नाही, पुन्हा करा. स्प्रिंगवाल्या नीडलला ही कसरत लागत नाही.

सेटिंगसाठी जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणून १२ फ्लॅट (षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट) खाली, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, इथून सुरू करा. मात्र ई२० वर तिथेच थांबू नका. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण सुमारे १४.७ ला १ लागतं, ई२० ला सुमारे १३.५ ला १. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी कोरडी चालते, तापते आणि पिकअपला खोकते. इंजिन पूर्ण गरम करा आणि लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम १/३२ इंच उचला. आवाज क्षणभर किंचित वाढून स्थिर झाला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त). पडला किंवा इंजिन बंद पडायला आलं तर लीन (पेट्रोल कमी), जेट एकेक फ्लॅट खाली घ्या. दोन्ही कार्ब्युरेटरला सारखेच फ्लॅट द्या. त्याआधी दोन्ही कार्ब्युरेटर जोडणाऱ्या मधल्या रॉडचा क्लॅम्प ढिला करून, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा फुसफुस आवाज सारखा करून घ्या. हवा जुळली नसताना मिश्रण जुळवायला बसणं म्हणजे दिवस वाया.

डॅशपॉटला एसएई २० तेल घाला. ते मिळालं नाही तर मोटरसायकलच्या फोर्कचं २० ग्रेड तेल चालतं.

हे सगळं सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ जड असते, खालीच साचते. कार्ब्युरेटर उतरवून घ्या, रिकामे करा आणि उघड्या हवेशीर जागी खोला. पावसाळ्यात सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करूनच ठेवा.