‘वाड्याचे सागवान’ म्हणून गळ्यात मारलेली काचपेटी

नाशिकच्या गावठाणातला एखादा जुना वाडा पाडला की त्यातून निघणाऱ्या सागवानी तुळया, खांब आणि चौकटी यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. ते योग्यच आहे, कारण अनेक दशके वाळलेले हे लाकूड ओल्या लाकडासारखे आक्रसत नाही की वाकत नाही. वाड्याच्या लाकडाच्या या नावलौकिकाचा आधार घेऊन शहरातील एका फर्निचर व्यावसायिकाने आमची कशी फसवणूक केली, हे तपशिलासह लिहीत आहे. नाव देत नाही, कारण तक्रार अद्याप निकाली निघालेली नाही. शिवाय हीच युक्ती वापरणारा तो एकटाच असेल असे मला वाटत नाही.

सासूबाईंची येवल्याची नऊवारी पैठणी कपाटात घडीवरच विरत चालली होती. पदरावरचे मोर आणि नारळी काठ दिसतील अशा बेताने ती पसरून भिंतीवर लावता यावी, यासाठी पुढे काच असलेली लाकडी पेटी करून घेण्याचे ठरले. पेटीचे बाहेरचे माप ४० बाय २८ इंच आणि खोली ४ इंच. बाजूच्या फळ्या आणि दाराची चौकट एक इंच जाडीच्या सागवानात, दाराला ५ मिलिमीटर जाडीची टफन्ड काच आणि पाठीमागे प्लायवूड, असे बोलणे झाले. दुकानदाराने तुळईचा एक तुकडा समोर ठेवला. त्यात जुन्या खिळ्यांची काळी भोके होती आणि रंधा मारलेल्या जागेवर सागाचा तेलकट, चामड्यासारखा वासही येत होता. “ताई, वाड्याचं लाकूड आहे, तुमच्या नातवंडांनाही पुरेल,” हे त्याचे शब्द. एकूण किंमत २६,५०० रुपये ठरली आणि त्यातले १५,००० रुपये त्याने आगाऊ घेतले. नमुन्याचा तुकडा खरा होता, याबद्दल मला आजही शंका नाही. त्याचा आमच्या पेटीशी काही संबंध नव्हता, एवढेच.

पहिला संशय काचेमुळे आला. पेटी घरी बसवताना काच दाराच्या खाचेत जाईना, तेव्हा आलेल्या कारागिराने खिशातून काच कापायचे हत्यार काढले, एका कडेला रेघ ओढली आणि बोटभर पट्टी सहज मोडून बाजूला ठेवली. टफन्ड काच आधी हव्या त्या मापात कापतात, कडा घासतात, मग भट्टीत तापवून तिच्यावर वेगाने हवा मारून ती गार करतात. त्यामुळे काचेचा पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि ती साध्या काचेपेक्षा साधारण चौपट मजबूत होते. मात्र या प्रक्रियेनंतर तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केला तर अख्खी काच बोथट बारीक तुकड्यांत कोसळते. म्हणून जी काच घरात बसून कापली गेली ती टफन्ड असणे शक्यच नव्हते. फोनवर विचारले, तेव्हा “ही नवीन टफन आहे, ती कापता येते,” असे उत्तर मिळाले. अशी कोणतीही काच नसते.

काचेच्या बाबतीत खात्री करून घेणे अवघड नाही. बहुतेक उत्पादक टफन्ड काचेच्या कोपऱ्यात न पुसणारा छोटा शिक्का उमटवतात. तो नसेल तर विचारणा करावी. दुसरी कसोटी वजनाची. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. आमची काच ३६ बाय २४ इंच, म्हणजे सुमारे ०.५६ चौरस मीटर असायला हवी होती. ५ मिलिमीटर जाडी असती तर ती सात किलोच्या आसपास भरली असती. काट्यावर ती पाच किलोही भरली नाही. सातपूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या भाच्याने व्हर्नियर लावून पाहिले, तर जाडी साडेतीन मिलिमीटर निघाली.

लाकडाच्या बाबतीत मात्र वजन हीच मोठी फसगत ठरते. ‘जड आहे म्हणजे सागवान’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि दुकानदारानेही पेटी उचलून पाहायला लावली होती. वस्तुस्थिती अशी की एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा गोंदात दाबून केलेला तक्ता, बहुधा सागाइतकाच आणि कित्येकदा सागापेक्षाही जड असतो. आमच्या पेटीच्या बाजू याच तक्त्याच्या होत्या. त्यावर सागाचे कागदासारखे पातळ विनिअर चिकटवले होते आणि समोरून दिसणाऱ्या कडांवर खऱ्या सागाची पाव इंची पट्टी जडवली होती. त्यामुळे दार उघडून पाहणाऱ्याला कडेलाही सागच दिसे. ही खबरदारी अज्ञानातून घेतली जात नाही.

पावसाळ्यात भिंतीला ओल येताच पेटीची खालची बाजू पावासारखी फुगली आणि बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार एका बाजूला लोंबकळू लागले. तेव्हा पंचवटीतल्या एका वयस्कर सुतारकाकांना बोलावले. त्यांनी बिजागरी काढून स्क्रूच्या भोकात गिरमिट फिरवले. बाहेर आला तो तपकिरी, पिठासारखा भुगा, त्यात तंतू नव्हते की सागाचा वास नव्हता. मग त्यांनी फळीचे आडवे कापलेले टोक कुठे दिसते ते शोधायला सांगितले. अखंड फळीवरच्या रेषा कडेवरून वळून पुढे जातात आणि टोकाला वर्षवलयांच्या कमानी दिसतात. विनिअरवरच्या रेषा कडेला येऊन कापल्यासारख्या थांबतात. आमच्या पेटीत अशी चारही टोके पॉलिशच्या गडद थराखाली लपवलेली होती. कोणतीही सागवानी वस्तू घेताना एक तरी टोक पॉलिशविना उघडे ठेवायला सांगावे, ही त्यांची सूचना मला सर्वांत उपयोगाची वाटली.

त्यानंतर अंदाजपत्रक पुन्हा नीट पाहिले, तेव्हा मापातली लबाडी उघड झाली. त्यात अडीच घनफूट लाकूड, दर ४,८०० रुपये, म्हणजे १२,००० रुपये लावलेले होते. घनफुटाचा हिशेब कोणालाही करता येतो: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. आमच्या पेटीचा घेर १३६ इंच, म्हणजे सव्वाअकरा फुटांहून थोडा अधिक. चार इंच रुंद आणि एक इंच जाड फळी धरली तर बाजूंना ०.३१ घनफूट लागते आणि अडीच इंची दाराच्या चौकटीला ०.२० घनफूट. बेरीज जेमतेम अर्धा घनफूट होते. कापण्यात आणि रंधण्यात जाणारी घट धरली तरी पाऊण घनफुटाच्या वर जात नाही. म्हणजे लाकूड खरे असते तरीही तिप्पट पैसे गेलेच असते. घनफूट हा शब्द ऐकून गिऱ्हाईक गप्प बसते, हे या धंद्यातल्या लबाडांना पक्के ठाऊक असते.

पैठणीच्या दृष्टीने ही फसवणूक केवळ पैशांची नव्हती. एमडीएफच्या गोंदातून बहुधा फॉर्मल्डिहाइडचा अंश दीर्घकाळ बाहेर पडत राहतो, आणि बंद पेटीत तो रेशीम व जुनी चांदीची जर यांच्या सान्निध्यात साठणे चांगले नाही. त्यातच त्या कारागिराने काच सरळ वस्त्राला टेकवली होती. काचेच्या आत दव धरले की ते रेशमात उतरते. पेटी उतरवली तेव्हा पदराच्या एका कोपऱ्यावर ओलीचा डाग पडलेला होता. तो निघालेला नाही.

दुकानदाराने पक्के बिल कधीच दिले नाही. अंदाजपत्रकावर जीएसटी क्रमांक छापला होता, पण मोजला तर तो चौदाच अक्षरांचा भरला. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मागूनही बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर लेखी नोटीस पाठवली आणि शेवटी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. फोनवरच्या संभाषणांपेक्षा सहीचे अंदाजपत्रक, यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, काट्यावरच्या काचेचे छायाचित्र आणि सुतारकाकांचे लेखी मत यांचाच आधार मोठा ठरला. नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराने पाच हजार रुपये परत करून प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव ठेवला. सोबत “सागवानी विनिअरलाही सागवानच म्हणतात” असा युक्तिवाद होता. अंदाजपत्रकात त्याच्याच अक्षरात ‘अखंड’ हा शब्द असल्यामुळे तो त्याच्यावरच उलटला आहे. आम्ही तो प्रस्ताव नाकारला.

नवी पेटी सुतारकाकांनीच केली. कागदावर लाकडाची जात, प्रत्येक फळीचे माप, एकूण घनफूट, काचेची जाडी आणि शिक्का, वस्त्र व काच यांच्यात अर्धा इंच अंतर राखणारी आतली पट्टी आणि पाठीला सुती अस्तर, इतके सगळे लिहून दोघांनी सह्या केल्या. कापण्यापूर्वी फळी पाहायला त्यांनी आम्हाला वखारीत बोलावून घेतले, आणि पॉलिश चढवण्याआधी पेटी पुन्हा एकदा दाखवली. आगाऊ रक्कम त्यांनी फक्त लाकडापुरती मागितली. बाकीचे पैसे बिल हाती आल्यावर दिले.