लिंटन म्हणून ७८,००० ला डब्बा गळ्यात पडला, पुण्यात सेकंडहँड स्पीकर घेणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगतो, मी काही भोळा माणूस नाही. ओटीपी कुणाला देत नाही, क्यूआर कोड स्कॅन करून "पैसे घ्या" म्हणणारे दोन जण मी लगेच ओळखून ब्लॉक केलेत. म्हणूनच जास्त संताप येतोय. इथे माणूस समोर बसला होता, चहा दिला, स्पीकर वाजवून दाखवले, आणि तरी ७८,००० रुपये गेले. वर माझे जुने स्पीकर गेले ते वेगळंच, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लागलंय.

जुने म्हणजे व्हार्फडेल कंपनीचे डायमंड ९.१, २००६ साली पहिल्या बोनसमधून घेतलेले. मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज त्यातून असा यायचा की बुवा खोलीतच बसलेत, तानपुरा मागे पसरलेला, तार सप्तक कधी टोचलं नाही. पण नवीन घराचा हॉल मोठा, तिथे ते तोकडे पडायला लागले, तबल्याच्या बायाचा घुमारा येईचना. दीड वर्ष दुकानं पालथी घातली. बरेचसे नवे स्पीकर पहिली पाच मिनिटं झकास वाटतात आणि मग हार्मोनियम कानात घुसायला लागते. मला तोच आवाज हवा होता, फक्त मोठ्या खोलीला पुरणारा. म्हणून त्याच घराण्यातले लिंटन हेरिटेज ठरवले. थ्री-वे, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग): ८ इंची वूफर, ५ इंची मिडरेंज, दोन्ही विणलेल्या केव्हलारचे, वर सॉफ्ट डोम ट्विटर. सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल, म्हणजे थोड्या ताकदीतही मोठा वाजणारा, त्यामुळे माझा ४० वॅटचा जुना ॲम्प्लिफायर बदलायला नको. नवे परवडेनात, म्हणून सेकंडहँड.

जाहिरात दिसली ९२,००० ची. हायवेच्या पलीकडे नव्या टॉवरमध्ये भाड्याचा फ्लॅट, "आम्ही कॅनडाला शिफ्ट होतोय" (हो, माहितेय, तुम्ही इथेच हसाल). पण मी शनिवारी जाऊन सव्वा तास ऐकले हो! माझ्या पेनड्राइव्हवरची गाणी लावली, कुमारजी, भीमसेनजी, सगळं. अप्रतिम. ते खरेच लिंटन होते याबद्दल मला आजही शंका नाही. विकणारा स्वतःच म्हणाला, तुमचे डायमंड एक्स्चेंजमध्ये १४,००० ला घेतो. ५,००० टोकन जागेवर यूपीआयनं दिलं, बाकी डिलिव्हरीला. मी सिरियल नंबरचा फोटो काढायला मागे वाकलो तर म्हणाला "सर, बॉक्सवर आहेच की तोच नंबर". मी वाकलेला उभा राहिलो. नंबर स्पीकरच्या पाठीवरचाच घ्या, आणि डिलिव्हरीला तोच जुळवा.

रविवारी संध्याकाळी टेम्पो आला. बरोबर एक मुलगा, पाऊस चालू, विकणाऱ्याचा फोन स्पीकरवर चालू, "सर जरा लवकर, टेम्पोला पुढची ट्रिप आहे". आमची लिफ्ट बंद होती. आणि एक बॉक्स मी एकट्यानं दोन मजले वर नेला.

हे मी रोज आठवतो. लिंटनचा एक स्पीकर १८.४ किलोचा आहे, हा आकडा मला पाठ होता, बायकोला स्टँड का लागणार हे समजावताना मीच सांगितला होता. माझी पाठ दुखरी आहे, मी गव्हाचं पोतं उचलताना दोनदा थांबतो. आणि तो बॉक्स मी दोन मजले न थांबता नेला, वर पोचल्यावर मनात स्पष्ट आलं की हलका लागतोय. आलं! मी ते बाजूला सारलं कारण टेम्पोवाला हॉर्न मारत होता आणि मुलानं माझे डायमंड उचलून दारात नेले होते. वरचं झाकण उघडून पाहिलं, जाळी तीच, लाकडाचा रंग तोच. ५०,००० यूपीआय आणि २३,००० कॅश मुलाच्या हातात दिली. वजनकाटा आत बाथरूमबाहेरच होता. दुसऱ्या आठवड्यात मोजलं, १२.९ किलो.

रात्री लावले तर आवाज दबलेला, गाणारा जणू पडद्यामागे. फोन केला तर म्हणे "जागा बदललीये, दोन-तीन दिवस सेट होऊ देत". दोन वर्षं वाजलेल्या स्पीकरला सेट काय व्हायचंय? पण मला ते खरं असायला हवं होतं म्हणून चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी नंबर बंद.

बुधवार पेठेतल्या रिपेअरवाल्या काकांनी उघडून दाखवलं. खोका आणि जाळी ओरिजिनल, आत लोकल वूफर, क्रॉसओव्हरच्या (तिन्ही ड्रायव्हरना सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) जागी नुसता एक कपॅसिटर, आणि मधला मिडरेंज नुसता चिकटवलेला, त्याला वायरच नाही. ज्यातून गळा यायचा तोच मुका. तपासायचे ३०० घेतले. डिलिव्हरीला जाळी काढून तिन्ही ड्रायव्हरला कान लावला असता तरी कळलं असतं. "क्लिपा जुन्या आहेत, जाळी काढू नका" असं कुणी म्हणालं की पैसे खिशात ठेवा.

आता पुढचं. बँकेत गेलो, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार". चौकीत गेलो तर साहेब म्हणाले व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले पैसे तुम्ही घरून दिलेत, तुमच्याकडे जा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये आहे, हे मी प्रिंट काढून नेलं, तर तो कागद वाचायलाही घेतला नाही. "स्पीकर मिळाले ना तुम्हाला? मग सिव्हिल मॅटर आहे." अहो, दाखवला एक माल आणि दिला दुसरा, ही फसवणूक नाही तर काय? एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, "दोन खोक्यांना ब्याण्णव हजार?" म्हणजे चूक माझीच, महाग वस्तू आवडते ही. सोसायटीचा मॅनेजर म्हणतो सीसीटीव्ही फुटेजला पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात फुटेज तुम्हीच आणा. त्यात पंधरा दिवस गेले आणि फुटेज डिलीट. तीन फेऱ्यांनंतर एक साधा अर्ज घेतला, पोच मागितली तेव्हा शिक्का मारून दिला. दीड महिना झाला, एक फोन नाही.

यूपीआयनं पैसे गेले असतील तर माझ्यासारखं चार दिवस थांबू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. कॅश देऊच नका, माझ्या २३,००० चा कागदोपत्री पुरावाच नाही. ऐकलेलाच जोड स्वतःच्या डोळ्यासमोर पॅक करून स्वतःच्या गाडीत आणा. आणि एक्स्चेंज करू नका, जुने हातचे जाऊ देऊ नका.

माझे डायमंड कुठे विकायला दिसले तर कृपया कळवा. काळ्या रंगाचे, डाव्या पेटीच्या वरच्या कोपऱ्यावर निरांजनानं भाजल्याचा रुपयाएवढा डाग आहे, आणि उजव्याच्या मागे माझ्या मुलीनं लहानपणी चिकटवलेलं चांदणीचं स्टिकर आहे, अर्धवट निघालेलं. १४,००० च्या वर मागितले तरी मी घेईन.